जिजीनं घासलेल्या काचा

आमच्या घरी फियाट आली तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. परभणीच्या एका डॉक्टरांनी बरीच वर्षं वापरलेली, दुधी रंगाची, डाव्या दाराला पोचा आलेली गाडी. पण आमच्या गल्लीत तोवर कुणाच्या दारात गाडी उभी राहिली नव्हती, त्यामुळे ती जुनी आहे हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. दादा, म्हणजे माझे वडील, सेलूच्या कोर्टात वकिली करायचे आणि सुट्टीच्या दिवशी वालूरच्या शेताकडे चक्कर मारायचे. एसटीची वाट बघण्यात त्यांचा अर्धा दिवस जायचा. गाडी आल्यावर ते सकाळी खिशातली दस्ती काढून तिचं बॉनेट पुसायचे, मग काचा पुसायचे, मग थोडं मागं सरकून नुसतेच बघत राहायचे. पुढची काच त्यांच्या विशेष आवडीची. डॉक्टरांनी ती नुकतीच नवी बसवून घेतली होती. "बघ बेबी," ते मला म्हणायचे, "काच आहे की नाही तेच कळत नाही."

गाडी आल्याचा सगळ्यात जास्त आनंद जिजीला झाला होता. जिजी म्हणजे दादांची थोरली बहीण, आमची आत्या, पण दादा तिला जिजी म्हणत म्हणून आम्हीही जिजीच म्हणायचो. दादा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि जिजीनं, स्वतः परकर नेसायच्या वयात, त्यांना काखेत घेऊन वाढवलं. पुढे तिचं जिंतूरकडच्या एका गावात लग्न झालं. नवरा मारायचा. दादा तेव्हा औरंगाबादला कायद्याचं शिकत होते. त्यांना कळलं तसे ते तडक तिच्या सासरी गेले, तिथल्या अंगणात सगळ्यांच्या देखत उभं राहून म्हणाले की, माझ्या बहिणीच्या अंगाला आता कुणी हात लावणार नाही, आणि तिला घेऊन आले. ही गोष्ट आम्हाला जिजीनंच कितीदा तरी सांगितली होती, भाकरी थापता थापता. "वीस वर्साचं पोरगं हो, मिसरूड न्हाई फुटलेलं, पण असं बोललं की समदं घर गप," असं म्हणून ती तव्यावरची भाकरी उलटायची आणि पदरानं डोळे टिपायची. धुरानं की कशानं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

घर जिजीच्या आवाजानं जागं व्हायचं. पहाटे जिनिंगचा भोंगा व्हायचा, पाठोपाठ रेल्वेची शिट्टी, आणि मग मोरीतून भांडी घासण्याची खसखस. तिच्या हातची तांब्या-पितळेची भांडी बघायला शेजारणी यायच्या. राख, विटकरीचा बारीक भुगा आणि नारळाचा काथ्या, एवढ्यावर ती हंड्यात तोंड दिसेल असं करायची. स्वयंपाकही तिचाच. येसरची आमटी ती अशी करायची की वाफ बैठकीपर्यंत जाऊन पक्षकारांचं बोलणं थांबायचं. हुरड्याच्या दिवसांत जवसाची चटणी, उन्हाळ्यात कैरी घालून वरण, सकाळी घाईच्या वेळी सुशीला, म्हणजे भिजवलेले मुरमुरे फोडणीला घालून वर दाण्याचं कूट. आईचं आणि तिचं मात्र फारसं जमत नसे. आईला वाटायचं, आपल्या घरात आपल्याला चूल मिळत नाही. दोघी भांडत नसत, पण डबे जरा जोरात ठेवले जायचे. हे सगळं मी लिहितेय कारण त्या दिवशी जे झालं त्यात आईनं जे केलं ते आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पुष्पाताई माझी थोरली बहीण. तिला बघायला पिंगळीहून माणसं येणार होती. मुलगा शिक्षक, घर शेतकऱ्याचं, बरं होतं. ती मंडळी रेल्वेनं सेलूच्या स्टेशनवर उतरणार आणि दादा त्यांना फियाटमध्ये बसवून घरी आणणार असं ठरलं होतं. नेमके आदल्या दिवशी दादा वालूरला गेले आणि येताना वाटेत कालवा फुटून पाणी रस्त्यावर आलेलं. आपल्याकडची काळी माती ती. चाकांनी उडवलेला चिखल काचांवर बसला आणि घरी येईपर्यंत वाळून त्याचं लिंपण झालं. दादा दमून आले होते. "सकाळी बघू," म्हणाले आणि झोपले.

सकाळी मी जागी झाले ती जिजीच्या हाकांनी. "मनू! शकू! ए पोरींनो, भायेर या बेगीनं!" मनू म्हणजे दादा, शकू म्हणजे माझी आई. आम्ही सगळे दारात आलो. जिजी लुगड्याचा काष्टा खोचून गाडीपाशी उभी होती, हाताला राख, शेजारी बादली आणि काथ्या. सगळी गाडी तिनं धुतली होती आणि काचा पाण्यानं निथळत होत्या. ऊन नुकतंच समोरच्या घरावर आलं होतं. खरंच, गाडी न्हाऊन आलेल्या लेकरासारखी दिसत होती. "पाव्हण्यांनी बघितलं पायजेल," जिजी म्हणाली, "पुष्पीचं घर कसं लख्ख हाय ते." ताई लाजून हसली. दादाही हसले. मला ते हसू आजही आठवतं, कारण ते कसं गेलं तेही मी बघितलं.

पाणी वाळायला लागलं. आधी वरच्या कोपऱ्यात, मग खाली खाली. आणि जिथं जिथं काच वाळत गेली तिथं तिथं पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या. गोल गोल, एकात एक अडकलेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, आणि मधूनच एखादी खोल, लांब. आम्ही बघत होतो आणि ते वाढत होतं. दादांना वाटलं साबण राहिला असेल. त्यांनी बादलीतलं पाणी ओतलं, रेघा गेल्या. त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. मग पाणी वाळलं आणि रेघा परत आल्या. त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा तेच. पुढची काच, मागची, बाजूच्या सगळ्या. त्यांनी अंगठ्याचं नख काचेवरून फिरवलं आणि ते मध्येच अडकलं. तेव्हा त्यांनी काथ्याकडे बघितलं, विटकरीच्या भुग्याकडे बघितलं.

"यानं घासलंस?"

"मंग कशानं घासू?" जिजी म्हणाली. ती अजून हसतच होती. तिला कळलंच नव्हतं. "लय चिखल हुता रं, नुसत्या फडक्यानं निघंना."

दादांचा हात वर गेलेला मी पाहिला, पण तो कशासाठी वर जातोय हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. वाटलं, कपाळावर मारून घेतील. मग तो आवाज झाला. जिजीचं डोकं बाजूला गेलं, पदर खांद्यावर घसरला आणि तिच्या हातातला काथ्या खाली पडला. गल्लीत दोन दारांत माणसं उभी होती, ती जागच्या जागी राहिली. ताईनं तोंडावर हात ठेवला. मी काही केलं नाही. मला आठवतं ते एवढंच की माझ्या पायांखालची फरशी ओली होती. घरात कधी कुणी कुणाला मारलेलं मी बघितलं नव्हतं. आम्हा पोरींनासुद्धा कधी चापट बसली नव्हती. दादांचा आवाज चढला तर तो कोर्टात, असं सगळे म्हणायचे.

जिजीनं गालाला हात लावला नाही. ती दादांकडे बघत राहिली, आणि अगदी हळू म्हणाली, "मनू, तू?"

एवढंच. मग तिनं पदर सारखा केला, बादली उचलली, काथ्या उचलला आणि आत गेली. दादा तसेच उभे होते. त्यांचा उजवा हात अंगापासून थोडा दूर, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

नंतरचे तीन-चार तास कसे गेले ते सांगायला मला अजूनही जड जातं. कारण सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दादा स्टेशनवर गेले, पाहुण्यांना घेऊन आले. जिजीनं पोहे केले, शिरा केला, जेवायला पुरणाचा घाट घातला. ताई साडी नेसून आली, खाली बघत उत्तरं दिली. मुलाची आई कौतुकानं स्वयंपाकघरात डोकावली आणि जिजीच्या गालाकडे बघून म्हणाली, "काय झालं हो आत्याबाई?" जिजीच्या गालावर बोटं उमटलेली स्पष्ट दिसत होती. जिजी म्हणाली, "वाफ लागली, दुसरं काय." आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मी दारातून दादांकडे बघितलं. त्यांनी ते ऐकलं होतं. त्यांनी घास खाली ठेवला आणि नंतर उचलला नाही. मंडळी खूश होऊन गेली. निघतानाच मुलाचे वडील म्हणाले, आम्हाला मुलगी पसंत आहे.

दादा त्यांना स्टेशनवर सोडून तसेच कोर्टात गेले. ते गेल्यावर जिजी उठली, तिनं आपली पत्र्याची पेटी काढली आणि दोन लुगडी त्यात ठेवली. मी रडायला लागले. मला वाटलं, आता आई तिला अडवील. पण आई आली ती बाहेर जायची साडी नेसून. तिनं जिजीच्या हातातली पेटी घेतली आणि म्हणाली, "चला वन्सं. तिसऱ्या प्रहरची गाडी मिळंल." ज्या बाईशी तिचं वर्षानुवर्षं पटलं नव्हतं तिची पेटी हातात घेऊन आई भर गल्लीतून चालत स्टेशनवर गेली. ताई आणि मी उंबऱ्यात उभ्या. जिजीनं जाताना आम्हा दोघींच्या तोंडावरून हात फिरवला. हाताला अजून वेलदोड्याचा वास होता. आई एकटीच परत आली तेव्हा दिवे लागले होते. तिनं आल्या आल्या चूल पेटवली आणि दादांना म्हणाली, "वन्सं परभणीला गेल्या. गयाबाईकडं." एवढं सांगून ती कणीक मळायला बसली.

गयाबाई वालूरच्या, जिजीची लहानपणची मैत्रीण. परभणीत नर्स होत्या, त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांच्या ओळखीनं नर्सेसच्या होस्टेलात जिजी स्वयंपाकाला लागली आणि तिथंच मागच्या बाजूला तिला एक खोली मिळाली. आमच्या घरची बाई दुसरीकडे रांधायला लागली याचा नातेवाइकांना धक्का बसला. दादांना बोलणारे बोलले. दादांनी आधी निरोप पाठवले. जिजीनं प्रत्येक निरोप्याला जेवू घालून परत पाठवलं.

त्या महिन्यांमध्ये दादा काचांमागं लागले. आज माझ्या मुलाच्या गाडीच्या काचेला वायपरनं ओरखडा पडला तर तो गॅरेजवाल्याकडे टाकतो. तिथला माणूस मशीनला गोल फेल्ट लावून कसलासा लेप लावतो, फिरवतो, आणि जमलं नाही तर सरळ सांगतो की काच बदला. मुलगा मोबाइल बघत बसतो. मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते, तर ते मशीन फिरताना बघवेना म्हणून बाहेर रसवंतीवर जाऊन बसले. दादांकडे मशीन नव्हतं. त्यांनी आधी टूथपेस्ट लावून बघितली. मग रॉकेल. मग चष्म्याच्या दुकानातून भिंगांना घासायची पांढरी पूड आणली, ती पाण्यात कालवून ओल्या फडक्यानं ते रविवारभर गोल गोल घासत राहायचे. फिकट रेघा खरंच गेल्या. पण जिथं नख अडकायचं तिथं काही होईना, उलट एकाच जागी घासून घासून काच बशीसारखी दबली आणि तिच्यातून बघितलं की रस्ता हलल्यासारखा दिसायचा. संध्याकाळी उन्हाकडे तोंड करून गाडी चालवणं तर अशक्यच. सगळी काच पेटल्यासारखी व्हायची. एकदा वालूरच्या वाटेवर समोरून येणारी बैलगाडी त्यांना अगदी जवळ येईतो दिसलीच नाही. त्यांनी गाडी शेतात घातली म्हणून निभावलं. त्यानंतर त्यांनी पुढची काच बदलून घेतली. बाजूच्या तशाच राहिल्या.

नवी काच बसली त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "चल, परभणीला जाऊ." का ते मी विचारलं नाही.

जिजीची खोली लहान होती, पण मी तिला तशी कधी बघितली नव्हती. कॉटवर पसरून बसलेली, पुढ्यात रेडिओ, हातात शेंगा. तिनं आम्हाला बघितलं आणि शेंगांचं टोपलं पुढं सरकवलं. "बस मनू. उभा कामून राह्यलास?"

दादा बसले नाहीत. मग ते खाली वाकले आणि त्यांनी जिजीच्या पायांवर डोकं ठेवलं. "जिजी, चुकलं माझं," म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. वडिलांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मी भिंतीला टेकले.

जिजीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "मपलं सोड. मी हितं लय चांगली हाय. तू शकूचं बोल."

दादांनी मान वर केली.

"तिच्या अंगाला हात लावणार न्हाईस, असं मपल्या म्होरं म्हण."

मला काही कळेना. आईचा इथं काय संबंध? मला वाटलं, थोरली बहीण म्हणून जिजी एकूणच शपथ घालतेय. पण दादांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. ते अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाले, "नाही लावणार."

"मपल्याकडं न्हाई. पोरीकडं बघून म्हण."

दादा वळले. माझ्याकडे बघून त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, पुरं, एकेक शब्द. मी मान हलवली, कारण काय करायचं ते मला सुचलं नाही. मग जिजीनं आम्हाला जेवायला वाढलं. निघताना दादा म्हणाले, "चल आता घरी. गाडी आणलीय." जिजीनं नकार दिला. रागानं नाही. "पुष्पीच्या लग्नाला येते की. पाव्हणी म्हणून येते, पाव्हणी म्हणून जाते. पर राहायला न्हाई येणार रं. हितं दार मी लावते आन् मीच उघडते." दादांनी पुन्हा विचारलं नाही.

ती लग्नाला आली. पुढेही येत राहिली, महिन्या-दोन महिन्यांनी, सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत जायची. आली की ती आणि आई माजघरात दार लोटून बसायच्या. एके काळी डबे आपटणाऱ्या या दोघींचं एवढं काय चालतं, याचं ताईला आणि मला नवल वाटायचं. होस्टेलातल्या मुली तिच्यावर जीव टाकत. ती गेली तेव्हा कुठून कुठून नोकरीला असलेल्या नर्सेस परभणीला आल्या होत्या. त्यानंतर काही वर्षांनी दादाही गेले.

आता आई माझ्याकडे असते. गेल्या थंडीत आम्ही दोघी गच्चीत ऊन खात बसलो होतो, तिच्या पुढ्यात अंबाडीची जुडी होती. मी हे सगळं लिहून काढायचं म्हणते आहे असं तिला सांगितलं आणि सहज विचारलं, "आई, त्या दिवशी तू जिजीला अडवलं का नाहीस?"

ती पानं खुडत होती. "अडवायला कुठं गेले होते? मी दोन तिकिटं काढली होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी बी चढले होते गाडीत. पेटी वर ठेवली, वन्संच्या शेजारी बसले. त्या म्हणाल्या, शकू, मार मला बसला, तू कामून चाललीस? मग सांगितलं त्यांना. त्यांना ठाऊकच न्हवतं. कुणालाच ठाऊक न्हवतं. तुमी पोरी शाळेत गेल्यावर, त्या शेतावर गेल्यावर." आईनं एक जून पान बाजूला टाकलं. "लय रडल्या. स्वतःला बसली तवा रडल्या न्हवत्या. म्हणाल्या, पुष्पीचं जमलंय, आज तू आलीस तर मोडंल. तू उतर. त्याचं मी बघते. गाडी हलायलाच लागली होती, त्यांनी मला हाताला धरून खाली उतरवलं."

ज्या घरात मी वाढले, ज्याचे सगळे आवाज मला पाठ आहेत असं मी समजत होते, त्याच घराबद्दल ती बोलत होती. परभणीच्या त्या खोलीत माझ्याकडे बघून दादा काय म्हणाले होते, ते मला इतक्या वर्षांनी तिथं, उन्हात बसून कळलं.

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर कधीच न्हाई. त्या येऊन इचारायच्या ना."

"आणि त्याच्या आधी, आई? किती वेळा?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं खुडलेली पानं ओंजळीत घेऊन सुपात टाकली, काड्या बाजूला सारल्या आणि म्हणाली, "ऊन चाललं बघ. जा, चहा ठेव."